बांबू पाईप, १ नग

निवृत्त व्हायचं ते हळूहळू, असं मी अठ्ठावन्नाव्या वर्षीच ठरवून टाकलं. वाहन कंपनी एखादं मॉडेल बंद करते, तरी त्याचे स्पेअर पार्ट पुढे कित्येक वर्षं मिळत राहतात. माझा बेत तसाच होता. मॉडेल बंद, स्पेअर चालू. आठवड्यातले दोन दिवस चाकण-भोसरीकडच्या कंपन्यांत ट्रेनिंग घ्यायचं आणि उरलेल्या दिवसांत बासरी शिकायची, गच्चीवर टोमॅटो लावायचे, दुपारी पुस्तक छातीवर ठेवून झोपायचं. बेत एक्सेलमध्ये केला होता. छंदांना हिरवा रंग, कामाला निळा. पहिला महिना संपायच्या आत फाइल उघडली की नुसता अरबी समुद्र दिसायला लागला.

हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. निगडी प्राधिकरणात सकाळी दुर्गा टेकडीवर एक चक्कर मारून या. माकडटोपी घालून, हात जोरजोरात झुलवत जे गृहस्थ समोरून येतात, त्यांतले पुष्कळ जण कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या क्वालिटीतून, मेंटेनन्समधून नाहीतर प्रॉडक्शनमधून रिटायर झालेले असतात. 'सध्या काय?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं : 'काही नाही हो, थोडं ट्रेनिंगचं बघतो.' एवढं बोलेपर्यंत त्यांचा फोन वाजतो, ते 'येस सर, येस सर' करत बाजूला जातात आणि टेकडीवरची शुद्ध हवा बाकीच्यांसाठी शिल्लक राहते.

यात आमचा दोष कमी, भूगोलाचा जास्त. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, त्याच सुमारास टेल्को आली, बजाज आली. आमच्या आधीची पिढी या कंपन्यांत चिकटली आणि साठीला गावी जाऊन ओसरीवर सुपारी कातरत बसली. आमची पाळी जवळ आली आणि नेमकं तेव्हाच, २००९-१० च्या सुमारास, चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र उभे राहिले. त्यांच्यामागून त्यांना नट, बोल्ट, सीट आणि वायरिंग हार्नेस पुरवणाऱ्या कंपन्यांची रांग लागली. या सगळ्यांना ऑडिट असतं. ऑडिटला ट्रेनिंगचं रेकॉर्ड लागतं. आणि रेकॉर्ड करायला केस पिकलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा आणि नाही म्हणता न येणारा एक माणूस लागतो.

त्यात ईपीएस-९५ चं पेन्शन. पगार कितीही असला तरी बहुतेकांचा हिशेब पंधरा हजारांच्या वर धरत नाहीत, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणतात आणि सत्तरनं भागतात. सत्तरनंच का, हे मी लोकांना 'व्हाय-व्हाय ॲनालिसिस' शिकवत असूनही मला शोधून काढता आलेलं नाही. आमची ही महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिला पेन्शन येतं. मला पेन्शनचा एसएमएस येतो. ती तर ३१ मेला सेवानिवृत्त झाली आणि १ जूनला सकाळी पूर्ण निवृत्त होती. सावकाश उठली, भजनी मंडळात नाव घातलं, त्यानंतर शाळेचा विषय म्हणून काढला नाही. हळूहळू-बिळूहळू काही नाही. मला अशा माणसांचा हेवा वाटतो.

माझ्या बेताचा पाया होता गुरुवार. विजेचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून औद्योगिक पट्ट्यांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या भोसरीकडच्या वाट्याला गुरुवार आला. म्हटलं, गुरुवारी एमआयडीसी बंद, म्हणजे आपली बासरी सुरू. पण काही कंपन्यांना सुट्टी रविवारी असते आणि परदेशी कंपन्यांना शनिवार-रविवार. नोकरदाराला एका कंपनीची एक सुट्टी मिळते. फ्रीलान्सरला सगळ्या कंपन्यांचे कामाचे वार मिळतात, सुट्टी एकीचीही मिळत नाही.

'सर, उद्या सकाळी साडेआठला फाइव्ह-एस घ्याल का?'

'उद्या गुरुवार आहे.'

'सर, आमचा ऑफ रविवारी असतो.'

'माझा गुरुवारी असतो.'

पलीकडे शांतता. फ्रीलान्सरलाही सुट्टी असते ही बातमी एचआरमधल्या त्या मुलीला नवी असावी.

'पण सर, शुक्रवारी कस्टमर ऑडिट आहे.'

काम कमी करतोय असं जाहीर करून पाहिलं. त्याचा अर्थ लोकांनी 'सर फार बिझी असतात' असा घेतला आणि मागणी वाढली. फी वाढवून पाहिली. त्याचा अर्थ 'सर चांगले असणार' असा घेतला. एका कंपनीनं तर माझा शाल-श्रीफळ देऊन रीतसर निरोप समारंभ केला, प्लँट हेड दोन शब्द बोलले, मीही घसा दाटून चार शब्द बोललो. पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, 'सर, निरोपाचं झालं ते झालं, आता टीपीएमचं बघायचंय.'

बासरीचे माझे गुरू हिंजवडीला कोडिंग करतात. वयानं माझ्या मुलाहून लहान. चाकणला मला दिवसभर 'सर' म्हणतात आणि शनिवारी संध्याकाळी तास सुरू झाला की मी एकदम 'काका' होतो.

'काका, ओठ असे आवळू नका. हसल्यासारखे करा.'

तीस-पस्तीस वर्षं शॉपफ्लोअरवर गंभीर चेहऱ्यानं वावरलेल्या माणसाला हे सोपं नसतं.

'काका, फुंक वाया जातेय.'

आता वाया जाणं हा तर माझा विषय. टोयोटाच्या तैइची ओनो यांनी कारखान्यातली सात प्रकारची नासाडी सांगितली. आठवी म्हणून माणसाची न वापरलेली बुद्धी धरायची पद्धत आहे. ही आठही मी झोपेत म्हणून दाखवू शकतो. नववी माझ्या तोंडात निघाली. पहिले काही आठवडे बासरीतून सूर सोडून सगळं बाहेर आलं : हवा, थुंकी, एकदा तर बडीशेप. जोर लावला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेजारच्यांनी बायकोकडे काळजीनं चौकशी केली, 'सरांना दमा आहे का?'

तरी मी हटलो नाही. वेळ मिळेल तिथे रियाज करायचा म्हणून बासरी लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवायला लागलो. तिथून प्रकरण सिक्युरिटीच्या हद्दीत गेलं.

कंपनीच्या गेटवर लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहितात, मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात आणि व्हिजिटरचे सेफ्टी शूज देतात. ते नेहमी सात नंबरचे आणि दहा नंबरचे असतात. मला आठ लागतात. त्या दिवशी मी दहाचे घालून फटाक फटाक करत निघणार, तेवढ्यात गार्डनं बॅगेत हात घातला.

'ही नळी कशाची?'

'बासरी आहे.'

'मटेरियल?'

'बांबू.'

'कंपनीत लागती का?'

'नाही, माझी आहे. संध्याकाळी परत नेणार.'

'मंग रिटर्नेबल गेटपास करावा लागंल. होल किती?'

सहा बोटांची सहा, म्हणून मी सहा सांगितली. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'बांबू पाईप, १ नग, ६ होल, रिटर्नेबल.' खाली माझी सही. आयुष्यभर लोकांना वस्तूचं वर्णन नेमकं लिहा असं सांगत आलोय, त्यामुळे मला ती नोंद आवडलीच.

संध्याकाळी शिफ्ट बदलली होती. गेटवर दुसरा गार्ड होता, आणि तो माझ्याच मागच्या ट्रेनिंगला बसलेला होता. तिथे मी 'समोर दिसतं ते मोजा, गृहीत धरू नका' असं घसा फोडून सांगितलं होतं. त्यानं बासरी हातात घेतली, गेटपास वाचला आणि मोजायला सुरुवात केली.

'सर, गेटपासवर सहा होल हायेत. हितं सात भरत्यात.'

'सातवं फुंकायचं असतं.'

'म्हंजी आत गेल्यावर पाडलं?'

'नाही हो, ते आधीपासूनच होतं.'

'मंग सकाळी सहाच कशी लिवली?'

एव्हाना मागे बाहेर पडणाऱ्यांची रांग लागली होती. सिक्युरिटी ऑफिसरना बोलावणं गेलं. त्यांनी उघड्या टोकातून बासरीत डोकावून पाहिलं आणि 'टेक्निकल बाब आहे' म्हणून क्वालिटीला फोन केला. क्वालिटीचा पोरगा घरी निघाला होता, पण व्हर्निअर त्याच्या खिशातच होता. त्यानं दोन ठिकाणी व्यास घेतला आणि भुवया चढवल्या.

'सर, ओव्हॅलिटी आहे.'

'बांबू आहे, बाबा. तो टर्निंग करून येत नाही.'

'आणि होलचं पिच पण सारखं नाहीये.'

'सारखं ठेवलं तर बेसूर वाजेल.'

'ड्रॉइंग आहे का?'

ड्रॉइंग नव्हतं. शेवटी ऑफिसरनी तोडगा काढला : वाजवून दाखवा, वाजली तर बासरी, नाही वाजली तर पाईप. फंक्शनल टेस्ट म्हणतात याला, मीच शिकवतो. पहिली आणि दुसरी शिफ्ट मिळून बराच जनसमुदाय जमला होता. पन्नालाल घोष यांनी या बांबूला मैफिलीत मानाची जागा मिळवून दिली, ती जागा आता आपल्या हाती आहे या भावनेनं मी दहा नंबरच्या बुटांत ताठ उभा राहिलो, ओठ हसल्यासारखे केले आणि फुंक मारली.

फूऽऽ.

नुसती हवा. पुन्हा मारली. पुन्हा हवा. रांगेतून कोणीतरी 'कंप्रेसर लीक आहे' म्हणालं. गार्डनं मात्र सहानुभूतीनं मान हलवली.

'त्ये होल ज्यादाचं पडलंय ना सर, म्हनून गळतीय.'

गेटपासवर '६' खोडून '७' केलं, खोडाखोडीवर तिघांच्या सह्या झाल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात 'डेव्हिएशनवर सोडले' असं लिहून आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि पाईपला, बाहेर सोडण्यात आलं.

कंपनीत शिरणं अवघड, तसे पैसे मिळणंही अवघडच. त्यासाठी आधी वेंडर कोड लागतो. वेंडर कोडच्या फॉर्मवर सगळ्या वेंडरांना एकच प्रश्नावली असते, मग तो रोज ट्रकभर कास्टिंग पाठवणारा असो की माझ्यासारखा एक मार्कर घेऊन येणारा. 'एकूण कामगार?' मी लिहिलं, एक. 'पैकी महिला?' शून्य. 'कामगारांच्या तक्रार निवारणाची व्यवस्था?' इथे मी बायकोचं नाव लिहिणार होतो, पण तक्रारी निवारण्यापेक्षा नोंदवण्याकडे तिचा कल जास्त आहे. 'आपल्या आस्थापनेत बालकामगार नाहीत' या हमीपत्रावर एकसष्टाव्या वर्षी सही करताना मला फार बरं वाटलं.

कायद्यानं, म्हणजे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं, लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे असतात. मी 'उद्यम' नोंदणी केलेला सूक्ष्म उद्योग आहे. पण दिवस मोजायचे कुठून, यात सगळी गंमत. अकाउंट्सवाले म्हणतात, जीआरएन झाल्यापासून. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती, ती करतं स्टोअर. स्टोअरच्या माणसाला फोन केला.

'सर, पीओवर "ट्रेनिंग, १ नग" दिसतंय. पण माल कुठंय?'

'माल लोकांच्या डोक्यात आहे.'

'लोकेशन टाकल्याशिवाय सिस्टिम पुढं जात नाही, सर. कुठल्या रॅकमध्ये म्हणू?'

बरं, लोकांच्या डोक्यात तरी आहे का? ट्रेनिंगला कोणाला पाठवायचं याचा निकष सोपा असतो : ज्याच्यावाचून लाइन अडत नाही तो. शिवाय तिसरी शिफ्ट करून आलेले. रात्रभर प्रेसवर उभा राहिलेला माणूस एसीत, गादीच्या खुर्चीत बसल्यावर त्याला फाइव्ह-एसचं 'सेइरी, सेइतोन, सेइसो' ऐकवणं हे अंगाई म्हणण्यातच जमा आहे. एका पोरानं फार मनापासून हात वर केला. मला वाटलं शंका आहे. 'सर, याची ओटी लागंल का?' शेवटी फीडबॅक फॉर्म. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या : लोकांना आवडलं का, समजलं का, वागणं बदललं का आणि कंपनीला फायदा झाला का. आम्ही सगळे पहिल्या पायरीवरच मुक्कामाला असतो, आणि त्या पायरीवरही आवडतं ते जेवणातलं पनीर. 'सर्वांत उपयुक्त भाग कोणता?' या प्रश्नाला मला मिळालेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर 'गुलाबजाम' हे होतं.

या सगळ्यात बासरी कुठे वाजते, असं कोणी विचारेल. ती वाजते चाकणच्या ट्रॅफिकमध्ये.

१६६० साली शाइस्तेखानानं चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी तो किल्ला जवळपास दोन महिने लढवला. आता किल्ल्याचे थोडेच अवशेष राहिलेत, पण चाकणनं बाहेरच्याला सहजासहजी आत येऊ न देण्याचा बाणा सोडलेला नाही. खानाला निदान साडेआठची बॅच नव्हती. आम्ही स्पाइन रोडनं मोशीला निघतो, इंद्रायणी ओलांडतो आणि तिथून पुढे कांद्याचे ट्रक, नव्या कोऱ्या गाड्या वाहणारे लांबलचक ट्रेलर, कंपन्यांच्या बसेस आणि दुचाक्या असे सगळे मिळून उभे राहतो. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक ही नुसती नावं ऐकली तरी इथला माणूस पाण्याची बाटली भरून घेतो.

एकदा असाच इंजिन बंद करून बसलो होतो. बॅगेतून बासरी काढली. बासरी वाजवणाऱ्याच्या उजवीकडे धरतात आणि आपल्याकडे ड्रायव्हरच्या उजवीकडे खिडकी असते, त्यामुळे बासरीचा निम्मा भाग बाहेर गेला. आणि काय आश्चर्य, सूर लागला! स्वच्छ, भरदार षड्ज. भूप सुरू केला. पाचच स्वर, म आणि नी वर्ज्य, नवशिक्यांना सोयीचा राग. चिंबळी फाट्याला आरोह धरला तर आळंदी फाटा येईपर्यंत अवरोह सावकाश उतरवता येतो. तानांना मात्र वाव नाही. तान घ्यावी तर मागून हॉर्न.

शेजारच्या दुचाकीवाल्यानं दार ठोठावलं, 'काका, तेवढी बासरी आत घ्या, हँडलला अडकंल.' पलीकडच्या ट्रेलरच्या केबिनमधून एक पगडीधारी सरदारजी खाली वाकले आणि त्यांनी फर्माईश केली : 'हीरो'ची धून. १९८३ सालच्या त्या पिक्चरनं देशातल्या प्रत्येक बासरीवाल्याच्या मानेवर हे ओझं ठेवलेलं आहे. मला ती येत नाही म्हटल्यावर त्यांनी काच वर केली. तरी माझं नाव झालं. चौकातला काकडी विकणारा पोऱ्या मला पाहिल्यावर आता 'काका, मागच्या टायमाला चांगलं वाजत होतं' असं सांगून मगच काकडीला मीठ लावतो.

घरी मात्र हे जमत नाही. एखादा गुरुवार खरोखरच मोकळा मिळाला की सकाळी दहाला मी छंदाच्या खोलीत जातो आणि म्हणतो, आधी जरा आवरू. आवरायचं म्हणजे फाइव्ह-एस. नको त्या वस्तूंना लाल टॅग. बासऱ्यांसाठी शॅडो बोर्ड, प्रत्येक बासरीच्या आकाराची बाह्यरेषा काढून, खाली लेबल : 'काळी चार', 'पांढरी तीन'. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या. छंदांचा स्किल मॅट्रिक्स भिंतीवर : भरलेले पाव गोल, अर्धे गोल. बायकोच्या शिलाई मशिनला मी लाल टॅग लावला, त्याचा निकाल संध्याकाळी लागला. तो टॅग माझ्या आरामखुर्चीला लावलेला होता. खुर्चीत मी होतो.

'बोर्ड छान झालाय,' ती म्हणाली. 'वाजवायचं कधी?'

'आता उशीर झाला. शेजारी झोपतील.'

'साडेसहा वाजलेत.'

टोमॅटोचंही तेच. रोपं मेली तेव्हा मी रीतसर फिशबोन डायग्रॅम काढला आणि नंतर बायकोला घेऊन व्हाय-व्हायला बसलो.

'रोपं का मेली?'

'पाणी नव्हतं.'

'पाणी का नव्हतं?'

'घालणारा चाकणला होता.'

'चाकणला का होता?'

'ट्रेनिंग होतं.'

'ट्रेनिंग का घेतलं?'

'कोणीतरी फोनवर "सर, तुमच्याशिवाय होणार नाही" म्हणालं.'

'म्हणून काय झालं?'

'तेच मी विचारतेय.'

पाच प्रश्नांत मूळ कारण सापडतं असं म्हणतात. सापडलं. ते मी बोर्डावर लिहिलं नाही.

पण बासरीवर खरी संक्रांत आली ती ब्लूटूथमुळे. एका कंपनीत जेवणानंतरचं सत्र होतं. हॉलमधल्या स्पीकरला लॅपटॉप जोडायचा, तर खिशातल्या मोबाइलनं आपणहून पुढाकार घेतला आणि त्यातलं तानपुऱ्याचं ॲप सुरू झालं. भरून राहिलेला पंचम-षड्ज, एसीचा गारवा, पोटात गुलाबजाम. तिसऱ्या शिफ्टनं सामुदायिकरीत्या डोळे मिटले. मी ॲप बंद करायला चष्मा शोधतोय, एवढ्यात दार उघडलं आणि प्लँट हेड पाहुण्यांना घेऊन आत आले. सगळा हॉल ताठ बसलेला, डोळे मिटलेले, श्वास एका लयीत.

'हे काय चाललंय?' त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत एचआरची मुलगी म्हणाली, 'माइंडफुलनेस, सर.'

पाहुणे भारावले. प्लँट हेडनी माझा हात हातात घेतला. 'व्हेरी गुड. सगळ्या शिफ्टना घ्या. लाइव्ह म्युझिक असेल तर उत्तम.'

'सर बासरी वाजवतात,' मागच्या रांगेतून एक डोळा उघडून कोणीतरी म्हणालं. गेटवरच्या त्या रांगेतला असावा.

पीओ आठवड्याभरात आला. 'फ्लूट सेशन, ६ नग.' त्याबरोबर ई-मेल : लर्निंग ऑब्जेक्टिव्ह पाठवा, सेशनपूर्वी आणि सेशननंतर तणाव कसा मोजणार ते लिहा, आणि ऑडिटसाठी ट्रेनरच्या पात्रतेचा पुरावा जोडा. पुरावा म्हणून गुरूंकडे गेलो.

'काका, सर्टिफिकेट मी कसं देणार? गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक द्या की.'

'तिथे कोण बसतं?'

'चौथी-पाचवीतली मुलं असतात. पण तुम्ही बिनधास्त बसा.'

फॉर्म भरला. आता रोज पहाटे उठून रियाज, कारण डेडलाइन आहे. शॅडो बोर्डवर भूपाची टाइमलाइन लावली आहे. बायको म्हणते, एवढी शिस्त आधी दाखवली असती तर टोमॅटो तरी जगले असते. सूर बरा लागतो, पण बासरी हातात घेतली की मला पीओ नंबर आठवतो.

परवा आंबेठाण चौकात उभा होतो. काकडीवाला पोऱ्या खिडकीशी आला.

'काका, आज बासरी नाय?'

म्हटलं, 'ती आता ड्यूटीवर लागली.'

सध्या गाडीत एक चित्रकलेची वही आणि दोन पेन्सिली ठेवल्या आहेत. ट्रेलरची चाकं काढायला बरी पडतात, तासभर जागची हलत नाहीत. एचआरला अजून यातलं काही कळलेलं नाही.